अमोनियाला शीग नसते

महांतप्पा जळकोटहून बैलगाडी जुंपून आले ते लेकीला शाळेतून काढायलाच. रुद्रम्मा नववी जमातीत होती, तालुक्याच्या गावी आत्याकडं राहायची आणि पोरींत एकटीच रसायन शिकायची. पोरीला हे झेपायचं नाही, असं जळकोटात सगळ्यांचं ठरून गेलं होतं. रुद्रम्माला कुणी विचारलंच नव्हतं.

शिवलिंग मास्तरांनी वाद घातला नाही. एरवी ते सरकारी नियमानं उर्दूत शिकवायचे; आज सरळ मराठीत म्हणाले, की शेठ, बसा. फळ्यावरचं तिनं सोडवलं तर राहू द्या, नाही तर खुशाल न्या. महांतप्पा कबूल झाले आणि मागच्या बाकावर टेकले.

फळ्यावर होतं N₂ + H₂ → NH₃. नायट्रोजन हवेतला, त्यात हायड्रोजन मिळवून कारखान्यात अमोनिया करतात आणि त्याचं पुढं खत. डावीकडं जेवढे अणू, तेवढेच उजवीकडं यायला हवेत, बस्स.

रुद्रम्मानं झोकात खडू उचलला. डावीकडं नायट्रोजन दोन, म्हणून अमोनियाही दोन. त्यात हायड्रोजन झाले सहा. जोडीजोडीनं घेतले तर तीन जोड्या. इथवर सगळं बरोबर. आणि हातानं लिहिलं चार!

अप्पांच्या, म्हणजे महांतप्पांच्या, धान्याच्या दुकानात ती लहानपणापासून मापं घालायची. पायलीवर शीग लावायची, म्हणजे काठाच्या वर धान्याची रास चढवायची, वर आणखी पसाभर टाकायचं. सपाट माप दिलं की अप्पा सगळ्यांदेखत रागवायचे.

मास्तरांनी विचारलं, चार कसे? तिनं ठणकावून सांगितलं, की आमच्यात वर घातल्याशिवाय माप पुरं होत नाही. पोरं फिदीफिदी हसली. मागं अप्पांची मान मात्र डोलली.

"मग वरचे दोन अणू गेले कुठं, तेवढं दाखव," मास्तर म्हणाले.

तिनं उजवी बाजू पुन्हा मोजली. तिथं सहाच होते. तिनं चार पुसलं, तीन लिहिलं.

N₂ + 3H₂ → 2NH₃.

"वर काहीच न्हाय?" अप्पांनी मागून विचारलं.

"न्हाय अप्पा. हितं सपाटच. एक अणू जादा झाला तरी माप खोटं."

"लईच चिकट दुकान हाय की हे."

आता मास्तरही हसले. महांतप्पा उठले, पटका सारखा केला आणि परीक्षा कधी ते विचारून घेतलं. लेकीला बसायला गाडीत अंथरलेली पासोडी त्यांनी तिच्याच हातात दिली, थंडीत लागेल म्हणाले, आणि रिकामी गाडी जळकोटच्या वाटेला लावली.