रानहळदीचं माप

सेजलने संगणकावर दोन फोटो शेजारी लावले आणि तिचे कान तापले. वाटाण्याच्या पेशींमागची रिकामी जागा पांढरीशुभ्र होती, रानहळदीच्या पेशींमागची करडी. हळदीच्या वेळी मायक्रोस्कोपचा दिवा मंद केला होता.

माप तसं साधं. मुळाच्या टोकाच्या पेशी रंगवायच्या. केंद्रकात डीएनए जितका जास्त, तितका रंग गडद. तो गडदपणा संगणक मोजतो आणि वाटाण्याशी ताडून पाहतो, कारण वाटाण्याचा डीएनए आधीच ठाऊक असतो. पण उजेड दोघांना एकच हवा. मंद उजेडात काहीही गडदच दिसणार.

याच फोटोंवरून तिच्या मार्गदर्शकांनी, प्रशांत सरांनी, जाहीर केलं होतं की डिचोलीत तिच्या गावच्या सड्यावरची, तिथल्या कातळपठारावरची, रानहळद दुप्पट डीएनएची, जगावेगळी आहे. त्या सड्यावर चिऱ्यांची खाण येणार होती. अशी दुर्मीळ वनस्पती असेल तर खाणीला परवानगी मिळणं अवघड होतं, म्हणून गाव सरांना देव मानू लागलं होतं.

सेजलने दोन्ही मुळं एकाच भांड्यात रंगवून, एकाच उजेडात पुन्हा मोजली. हळद साधीच निघाली.

तिने हे सांगितलं तेव्हा सर शांत होते. गाव वाचत असेल तर उजेड थोडा कमी झाला म्हणून काय बिघडलं, असं त्यांनी विचारलं.

"उद्या खाणवाल्यांचा माणूस मोजेल," सेजल म्हणाली. "तेव्हा तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही, सर. खोटारडं ठरेल ते गाव."

सरांनी तिला दुसरा मार्गदर्शक शोधायला सांगितलं.

म्हापशाच्या कॉलेजातून बस धरून ती थेट गावी महादेवकाकांकडे गेली. खाणीविरुद्धची सगळी धावपळ त्यांचीच. ऐकता ऐकता त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं.

"चेडवा, तू कोणाच्या बाजूक?"

"तुमच्याच. म्हणान आधी तुमका सांगतंय."

काका उठून बाहेर गेले. जाताना तिच्याकडे पाहिलंही नाही.

खाणीच्या जनसुनावणीत मात्र ते उभे राहिले. "हळदीची गोष्ट सोडा, ती चुकली. ह्या सड्याच्या पोटात आमच्या पाण्याची झर आसा. ती कोणाक मोजूची आसली तर येवन मोजा."

झरीची पाहणी होईपर्यंत खाण थांबली. रद्द झाली नाही. काका सेजलशी अजून बोलत नव्हते, आणि सरांचा दावा कॉलेजच्या फलकावर तसाच झळकत होता.

सोमवारी ती प्राचार्यांच्या खोलीत गेली. दोन्ही फोटो तिने टेबलावर आपटले. त्यांनी बसायला सांगितलं, तरी ती बसली नाही; आधी फलकावरचा तो दावा उतरवा, म्हणाली.