खरी नावं

रंजिता पहिला खर्डा खऱ्या नावांनीच लिहिते. नाव बदललं की माणूस माझ्याशी बोलत नाही, म्हणते. शेवटचा हात फिरवताना सगळी नावं बदलते. तिच्या सहा कादंबऱ्या अशाच झाल्या. सगळीकडे खपल्या, पण आमच्या तांड्यातल्या कुणालाही त्यांत स्वतःला ओळखता आलं नाही.

सातवी अर्धीच झाली होती. टाइप करायला दिलेली प्रत कुणीतरी मोबाइलवर पसरवली. दोन दिवसांत ती फुलसावंगीच्या बाजारापर्यंत पोचली. तीत रंजिताची मोठी बहीण होती, शीला याच नावानं. शीलानं आपली पहिली मुलगी दहा दिवसांची असताना मूल नसलेल्या नणंदेच्या ओटीत घातली, ही हकीकत होती. ती मुलगी सुरभी. अमरावतीला शिकते, शीलाला मामी म्हणते. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी या दोघी बहिणींचा शाळेतला गुरुजी. संध्याकाळी ओट्यावर पोरांना पाढे शिकवत होतो, तेवढ्यात शीला मोबाइल घेऊन आली.

"गुरुजी, मले येवढं वाचता येत नाही. वाचून दाखवा."

"राहू दे, शीला."

"साऱ्या तांड्यानं वाचलं. मीच राह्यली."

पोरांना घरी धाडलं आणि वाचलं. बाळ नणंदेकडं गेल्यावर ती गोठ्यामागं जाऊन छातीतलं दूध भिंतीवर पिळायची, तिथं आलो तेव्हा शीलानं मला हातानं थांबवलं.

"हे तं म्या कोणालेच सांगतलं नव्हतं," ती म्हणाली.

"म्या पाह्यलं होतं, ताई." रंजिता मागं येऊन उभी होती. "अकरा वर्षांची होती मी. नावं बदलणारच होती वं. मले मार, पण बोल."

शीलानं तिच्याकडं पाहिलं नाही. "पुढं काय हाय, गुरुजी?"

"इथंच संपतं. पुढचं लिहिलेलं नाही."

"पोरगी येते का मंग आईकडं?" आता ती बहिणीला विचारत होती.

"मले माहीत नाही, ताई."

"सहा पुस्तकं लिवली, अन् येवढं माहीत नाही तुले?"

रंजिता खाली बसली. तिचं रडणं पाहून शीलाचा हात थोडा पुढं झाला, पण परत फिरला. त्याच हातानं तिनं सुरभीला फोन लावला. प्रत पसरल्यापासूनच्या चार दिवसांतला कितवा, कुणास ठाऊक. घंटी वाजत राहिली. आम्ही तिघंही ऐकत होतो. मग ती बंद झाली.

"आता पुढचं लिवू नको," शीला उठत म्हणाली. "तेवढं माह्यं माह्यापाशी राहू दे."

रंजितानं मान डोलावली.