व्हर्नाने न बोललेलं वाक्य

लढाईवर हेलिकॉप्टर कोसळून गेलेल्या कीथला पुरून अकरा दिवस झाले होते, तेव्हा राष्ट्राध्यक्षांचा फोन आला. त्याची आई, व्हर्ना अमुंडसन, स्वयंपाकघरात एकटीच होती. आर्लन, तिचा नवरा, गोठ्यात गाईंचं दूध काढत होता. आधी एका बाईने फोन धरून ठेवायला सांगितलं आणि मग तो आवाज आला, टीव्हीवर ऐकून घरच्यासारखा झालेला. व्हर्नाने दोन्ही निवडणुकांत त्यालाच मत दिलं होतं. मिनेसोटातल्या लिंडाल गावात तसं बहुतेकांनीच दिलं होतं. हा माणूस खोटं बोलत नाही, अशी त्यांची खात्री होती.

त्याने कीथचं नाव नीट उच्चारलं. पोरगा कसा होता, विचारलं. व्हर्ना रडली नाही. इतक्या दिवसांत कुणालाच न विचारलेलं तिने त्याला विचारलं. शेवटच्या पत्रात कीथने लिहिलं होतं की त्याच्या हेलिकॉप्टरचं इंजिन महिन्यात तीनदा बंद पडलं, तरी तेच उडवायला लावतात.

"त्याला त्यात बसवलंच का, एवढंच मला कळायला हवं," ती म्हणाली.

मग तो म्हणाला, "मी जातीने चौकशी करतो, मिसेस अमुंडसन. हा माझा शब्द."

चार मिनिटांत फोन संपला. आर्लन आत आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने टोपी काढली, खुर्चीत बसला आणि म्हणाला की शब्द दिलाय म्हणजे तो करणार.

तीन आठवड्यांनी राष्ट्राध्यक्षांचं संसदेपुढे भाषण होतं. लढाईवर आणखी फौज पाठवायची की नाही, यावर दोन महिने भांडण चाललं होतं. शेजारची बेव्ह आणि तिची मुलगी जोलीन केक घेऊन भाषण बघायला आल्या होत्या. अर्धं भाषण झालं आणि टीव्हीवर कीथचं नाव आलं. पाठोपाठ त्याचा गणवेशातला फोटो.

राष्ट्राध्यक्ष सांगत होते, "त्याच्या आईशी मी स्वतः बोललो. तिने रडतरडत मला एकच मागितलं. म्हणाली, माझ्या मुलाने हाती घेतलेलं काम अर्धं सोडू नका."

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. बेव्हने व्हर्नाला मिठी मारली आणि हमसून रडली. "मी असं म्हणाले नाही," व्हर्ना तिच्या खांद्यावर पुटपुटली, पण ते बेव्हच्या कानापर्यंत गेलं नाही.

पाहुण्या गेल्यावर ती आर्लनला पुन्हा तेच म्हणाली.

तो बराच वेळ बशा गोळा करत राहिला. "त्या दिवसांत तू भानावर कुठे होतीस, व्हर्ना?"

"काय विचारलं ते तुला त्याच दिवशी सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलंस. पण सगळंच सांगितलंस का?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. ते वाक्य त्याला हवं होतं, हे तिला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. त्या वाक्यामुळे पोरगा कशासाठी तरी गेला असं होत होतं. बिघडलेल्या इंजिनापायी गेला, हे उराशी धरून कसं जगायचं?

दुसऱ्या दिवसापासून दार वाजत राहिलं. लोक खिमा-बटाट्याची भांडी घेऊन आले, झेंडे घेऊन आले. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी तिचं वाक्य प्रार्थनेत घेतलं. प्रार्थना संपल्यावर तिने त्यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले की आईच्या मनातलं राष्ट्राध्यक्षांनी ओळखलं असेल, त्यात कुणाचं काय बिघडलं?

तिने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं. महिन्याने उत्तर आलं: आपल्या पाठिंब्याने आम्हाला बळ मिळतं. सही छापलेली होती. मग ती जिल्ह्याच्या गावी, त्यांच्या भागातल्या खासदाराच्या कचेरीत गेली. तिथल्या बाईने कॉफी दिली, सगळं मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं की हे कोणत्या विषयाखाली नोंदवू. व्हर्नाला सांगता येईना. बाईने 'इतर' लिहिलं.

गावच्या साप्ताहिकाचा संपादक लॉईड क्विस्ट शाळेत तिच्याच वर्गात होता. तिच्यावर विश्वास आहे, असं तो मनापासून म्हणाला. मग चष्मा पुसत त्याने विचारलं, "बोलणं टेप केलंय का तुझ्याकडे? नाही? म्हणजे एकीकडे तू, दुसरीकडे तो." त्याने आतल्या पानावर चार ओळी छापल्या: आईची आठवण वेगळी. तेवढ्याने, ती कामाला होती त्या शाळेच्या खानावळीतल्या बायका तिच्याशी जपून बोलायला लागल्या. टेक्सासहून एक पत्र आलं. पोराच्या प्रेतावर पाय देऊन नाव कमावतेस, असं त्यात होतं.

उलट्या बाजूचे, लढाई नको म्हणणारेही आले. मिनीयापोलिसहून एक तरतरीत बाई आली. शनिवारी आमच्या मोर्चात व्यासपीठावर या, म्हणाली, आणि फक्त एवढंच म्हणा की माझ्या मुलाचा खून या माणसाने केला.

"मी असंही म्हटलेलं नाही," व्हर्ना म्हणाली.

बाई ओशाळली, पण जाताना कार्ड ठेवून गेली.

वसंतात चौकशीचा अहवाल आला. दोन पानं. अपघाताचं कारण, खराब हवामान. इंजिनाचं नावही नव्हतं. आर्लनने तो दोनदा वाचला, घडी घातली आणि गोठ्यात गेला. जेवायला आत आला नाही.

जूनमध्ये जोलीन आली. एकोणीस वर्षांची, लहानपणी कीथच्या मागे मागे फिरायची. ती फौजेत भरती झाली होती आणि आईच्या आधी व्हर्नाला सांगायला आली होती. "त्या रात्री मी इथेच बसले होते ना, व्हर्ना मावशी. तुमचं ते वाक्य ऐकलं तेव्हाच ठरवलं."

व्हर्नाने तिचे दोन्ही दंड धरले. "जोलीन, मी ते बोलले नाही. एक अक्षरही नाही. मी फक्त विचारलं होतं की कीथला त्या बिघडलेल्या हेलिकॉप्टरमध्ये का बसवलं. राष्ट्राध्यक्षांनी खोटं सांगितलं."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता हिला पटलं, असं व्हर्नाला वाटलं. पण जोलीनने मोठ्या माणसासारखा तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"मला कळतं, मावशी. आता मी जाणार म्हणून तुम्हाला भीती वाटतेय. आईही असंच काहीतरी बोलेल." आणि मग अगदी मायेने, "राष्ट्राध्यक्ष कशाला खोटं बोलतील? एवढ्या लोकांसमोर?"

सहा महिन्यांपूर्वी व्हर्नानेही हाच प्रश्न विचारला असता.

ऑगस्टमध्ये जोलीनला बसवर सोडायला अर्धं गाव आलं. बेव्ह व्हर्नाशेजारी उभी होती, पण तिच्याकडे बघत नव्हती. बस वळणाआड गेल्यावर बेव्ह म्हणाली, "एक विचारते. तू खरंच तसं म्हणालीस का?"

एवढ्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. व्हर्नाने तोंड उघडलं. फोनवरचे आपले शब्द तिने आठवायला घेतले, आणि कानात टाळ्याच आल्या, ते सभागृह आणि ते वाक्य, आता चक्क तिच्याच आवाजात. बेव्हने थोडा वेळ वाट बघितली आणि आपल्या गाडीकडे गेली.