कंट्रोलची बशी

लेबलाचा एक कोपरा अजून बाटलीला चिकटलेला, आणि त्यावर तिच्याच अक्षरातलं ‘लिथि’… पुढचं पाण्याने गेलं होतं. पीएच.डी. करणाऱ्या मैत्रीने बाटली उजेडात धरली. लिथियमच्या द्रावणाला रंग नसतो, वास नसतो. असता तर एवढी शोभा झालीच नसती.

श्यामसुंदर सरांच्या प्रयोगशाळेत काहीही फेकायचं नाही, हा नियम. लेबल खरवडायचं, बाटली तीनदा धुवायची, पुन्हा वापरायची. धुण्याचं काम संपतचं. पण त्या दिवशी महाशिवरात्र, संपत धायरीला गावच्या जत्रेत, आणि रत्नागिरीहून आलेलं समुद्राचं पाणी भरायला दुसरी बाटली रिकामी नव्हती — हीच रिकामी केली, नळाखाली खळबळली, भरली. सी-अर्चिनची, त्या काटेरी समुद्री प्राण्याची, अंडी फलित झाली होती. भ्रूण काही सुट्टी पाळत नाहीत. एकदाच खळबळली मी. एकदाच.

सोळा पेशी झाल्या की तळाशी चार लहान पेशी दिसतात. आपण सांगाडा करायचा हे त्यांना ठाऊकच असतं, कुठेही नेऊन ठेवा. बाकीच्या बारा मात्र शेजारी काय सांगतील त्यावर बऱ्याचशा ठरतात — कातडी की आतडं. लिथियम घातलं की कातडीकडे निघालेल्या पेशीही आतड्याकडे वळतात. तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोलच्या बशीत नुसतं समुद्राचं पाणी. तिथे सगळं जसं व्हायचं तसंच व्हायला हवं. पण त्याही बशीत आतडं फुगलं, आतड्याचं जनुक भलत्याच पेशींत चालू झालेलं दिसलं, आणि सरांनी दोन आठवडे, कधी नव्हे ते, तिला चहा पाजला. नवा शोध! जूनमध्ये प्रबंध. बरोबरची कौशल्या हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये लागून गाडीसुद्धा घेऊन बसली होती. मैत्रीचे वडील मात्र विहारात भेटेल त्याला सांगायचे, आमची मुलगी शोध लावते… लावला होता खरा.

सोमवारी नव्या पाण्यात प्रयोग पुन्हा केला. आतडं शहाण्यासारखं आपल्या जागी होतं.

सर, ती बाटली मी भरली — एवढंच वाक्य. जिन्यात तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. पण सर आधीच सगळा उलगडा करून बसले होते. बाटलीत लिथियम राहिलं, धुणारा संपत, तेव्हा मार्चअखेर संपणारं त्याचं कंत्राट या वेळी वाढवायचं नाही. तसं त्याला सांगूनही झालं होतं.

“सर, त्या दिवशी संपत —”

“रजेवर होता. मस्टर मलाही वाचता येतं.” सरांनी चष्मा पुसला. “आपण प्रबंध जूनमध्येच देताय ना? मग प्रयोग नीट लावा.”

तिने मान हलवली असावी, कारण सर पुन्हा कागदांकडे वळले होते आणि ती बाहेर व्हरांड्यात होती.

मोरीपाशी संपत उभा होता, ओले हात पॅन्टला पुसत. नऊ वर्षं दर मार्चला त्याचं कंत्राट वाढत आलं होतं. तो चिडला असेल, मी तर रजेवर होतो म्हणेल, असं तिला वाटलं — वाटलं कसलं, तशी आशाच होती. ते एक वाक्य त्याने म्हटलं असतं तर तिचंही वाक्य मागोमाग बाहेर पडलं असतं.

“मॅडम, माझंच चुकलं आसंल,” तो म्हणाला. “जत्रंच्या गडबडीत दोनदाच धुतली आसंल.”

त्याला आता ती धुतल्याचं आठवतही होतं. ब्रश झिजलेला होता, म्हणाला, आत तळापर्यंत पोचत नव्हता. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नव्हता त्याचा. सकाळपासून सगळ्यांनी सांगितलं आणि त्याने मानलं… तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण त्याच्याही आधी जे वाटलं ते तिने नेमकं ओळखलं — सुटले.

“बघू,” ती म्हणाली. आवाज हुबेहूब सरांसारखा कोरडा आला, आणि त्यासाठी तिला काहीच प्रयत्न करावा लागला नव्हता, याची तिला भीती वाटली.