काळ्या पट्ट्यांमधली आई

मी डीव्हीडी बोलतेय. घाबरत घाबरत बोलतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

मला एका लेकीने घरच्या कॉम्प्युटरवर बनवलं. तिच्या आईचं दुखणं सुरू व्हायच्या आधी बाबांनी रुंद पडद्याचं शूटिंग केलं होतं. तेव्हा आई चांगली गरगरीत होती. ती गेल्यावर बाबांनी एवढंच मागितलं, "मला तिला धडधाकट बघायचंय."

माझ्या आधी दोघी झाल्या. पहिलीवर 'चित्र रुंद आहे' ही खूण करायची राहिली. मग जुन्या चौकोनी टीव्हीवर सगळं दोन्हीकडून दाबलं गेलं. आईचे गाल बसलेले, मान काडीसारखी.

बाबा हादरले. "ही दवाखान्यातली आहे. बंद कर."

"बाबा, चित्र नुसतं दाबलं गेलंय."

"बंद कर म्हटलं ना."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. पहिली कचऱ्यात गेली.

दुसरीत पडदा पूर्ण भरावा म्हणून लेकीने कडा छाटल्या. पण आई म्हणजे कॅमेरा दिसला की कोपऱ्यात सरकणारी बाई. पडद्यावर टेबल दिसलं, खुर्ची दिसली, आईचा पत्ताच नाही. दुसरीही गेली.

मग माझी पाळी. आत सरकवलं तेव्हा माझं धाबं दणाणलं होतं. खूण केलीय ना हिने? वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, आणि मधे आई. बाबा पुढे वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"दंड बघ तिचे," ते म्हणाले. "माझ्याहून भारी होती." आणि रडले.

वाटलं, सुटले. कसली सुटतेय. बाबांच्या शूटिंगची मूळ कॅसेट कॅमेऱ्यात गुंतून तुटली. जागा हवी म्हणून लेकीने कॉम्प्युटरवरूनही सगळं पुसलं. म्हणाली, डीव्हीडी आहे की. म्हणजे आता मी एकटीच.

बाबा मला रोज लावतात. बोटं लावून उचलतात, सदऱ्याला पुसतात. चरे पडलेत. काल चित्र मधेच अडकलं, आईचा चेहरा चौकोन चौकोन होऊन फुटला. बाबा पुन्हा घाबरले, पण लेकीला सांगितलं नाही.

अगं पोरी, माझी एक प्रत काढून ठेव गं. किती ओरडू? पण मी फिरायला लागले की ऐकू येते ती शूटिंगमधली तिची आईच, "अहो, पुरे आता, बंद करा ते."

आणि बाबा म्हणतात, "थांब गं जरा."