वहिनीसाठी गाडी

ठकी गाड्यांच्या तुलना लिहून पोट भरायची. मासिकासाठी दर महिन्याला दोन गाड्या ताब्यात घ्यायच्या, त्यांना चढावर, चिखलात, बाजाराच्या गर्दीत पिदडायचं आणि मग कुठली घ्या, कुठल्या गाडीच्या वाटेला जाऊ नका, हे सांगून मोकळं व्हायचं. स्थळाची चौकशी करावी तसे लोक तिला फोन करून गाड्यांची चौकशी करत. फक्त सख्ख्या भावाने कधी काही विचारलं नव्हतं. दादाचं चष्म्याचं दुकान होतं, आणि आजवर त्याने घेतलेली प्रत्येक गाडी दुसऱ्या कुणीतरी वापरून वैतागलेली असायची. तो बॉनेटला कान लावायचा, मान डोलवायचा आणि घेऊन यायचा. मग वहिनीने मागच्या सीटवर उशी टाकायची, दार आतून धरून बसायचं आणि चढ लागला की ऐन उन्हाळ्यातही हीटर लावलेला सोसायचा, कारण त्याशिवाय इंजिन तापायचं.

त्यामुळे एका दुपारी दादा ऑफिसचे जिने चढून आला आणि धापा टाकत तिच्या समोरच्या खुर्चीत बसला, तेव्हा ठकीने आधी घरी काय झालं तेच विचारलं.

"काही झालं नाही," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीसाठी गाडी घ्यायचीय. भारीतली."

वहिनीच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन थोडे महिने झाले होते. सांधा छान बसला होता, डॉक्टर खूश होते, वहिनी काठी सोडून घरात फिरू लागली होती. पण हॉस्पिटलमधून घरी आणतानाचा रस्ता दादाच्या मनातून जात नव्हता. गाडी तो गोगलगायीसारखी चालवत होता, तरी प्रत्येक खड्ड्याला मागून बारीकसं 'स्स' ऐकू यायचं. तो आरशात तिचा चेहरा बघायचा आणि ती तोंड खिडकीकडे फिरवायची, त्याला दिसू नये म्हणून. आता तपासणीला, व्यायामाला पुन्हा पुन्हा जायचं होतं. जन्मभर तिला पत्र्याच्या डब्यांतून फिरवलं, आता एक तरी धड सीट तिला मिळू दे, असं त्याने मनात घेतलं होतं.

गाडीही हेरून ठेवली होती. जुन्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये तीन वर्षं वापरलेली, लांबलचक, गडद निळी, आतून मऊ कातड्याची. नव्या छोट्या गाडीच्या दुप्पट किंमत होती, पण नवी असताना हिची किंमत याच्या कितीतरी पट, त्यामुळे ती स्वस्तातच मिळतेय असं त्याचं मत होतं.

ठकीने पाणी पाजलं आणि मग त्याला नीट समजावलं. गाडी जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. या निळ्या गाडीत स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या असतात, म्हणून तर ती तरंगत जाते. पण एक पिशवी फुटली की बसलेल्या उंटासारखी एका अंगावर कलते, आणि दुरुस्ती करणारा माणूस परगावी. भाग परदेशातून येणार, तोवर गाडी दारात शोभेला. उलट ऑफिसकडे वर्षभर वापरायला आलेली एक छोटी, उंच बांध्याची गाडी होती. दिसायला पावाच्या तुकड्यासारखी, आत सगळं कडक प्लॅस्टिक, वेग घेतला की इंजिन कुरकुरायचं. पण वर्षभरात तिने एकदाही कुणाला रस्त्यात उभं केलं नव्हतं. कोपऱ्यावरचा मेकॅनिकही ती उघडू शकत होता. डॉक्टरची वेळ गाठायची असेल तर माणसाने असल्याच गाडीवर भरवसा ठेवावा.

दादाने सगळं ऐकून घेतलं. शब्दाने शब्द वाढवणारा तो माणूसच नव्हता.

"तू गाडीचं सांगतेयस, ठके," तो उठता उठता म्हणाला. "मी तिचं विचारत होतो."

हे मात्र ठकीला लागलं. वहिनी काय एकट्या दादाचीच होती? आई गेली त्या वर्षी ती या घरात आली. कपाटाच्या आडोशाला गप्प बसून राहिलेली सात वर्षांची नणंद बघून नवी नवरी म्हणाली होती, "ही ठकी इथे कुणी ठेवली?" आणि उचलून कडेवर घेतली होती. चिंध्यांच्या बाहुलीचं ते नाव जन्माचं चिकटलं. ठकीच्या वेण्या, ठकीचा गोवर, ठकीचं मोडलेलं लग्न, सगळं वहिनीने निस्तरलं होतं. तिच्या दुखऱ्या कमरेपुढे आपण सुट्या भागांच्या किमती मांडत बसलो, याने ठकीला चैन पडेना. संध्याकाळी तिनेच दादाला फोन केला. दोन्ही गाड्या वहिनीला दाखवू, तिला बसवून बघू, मग ठरवू.

रविवारी सकाळी ती छोटी गाडी घेऊन शोरूमवर पोचली. दादा आणि वहिनी आधीच आले होते. वहिनीने ठेवणीतली साडी नेसली होती आणि कुणाच्या तरी घरी प्रथमच जेवायला आल्यासारखी ती अवघडून उभी होती. मासिकाच्या ओळखीवर विक्रेत्याने निळी गाडी दुपारपर्यंत दिली. दादाने मागचं दार उघडून धरलं, वहिनीला आत बसवलं, पदर दारात अडकत नाही ना बघितलं आणि स्वतः चालवायला बसला. ठकी त्याच्या शेजारी.

ती गाडी खरोखरच सुरेख होती, त्याबद्दल ठकीच्या मनातही दुमत नव्हतं. दार लागलं आणि बाहेरचं शहर कुणीतरी झाकण लावावं तसं बंद झालं. नदीकाठच्या उखडलेल्या रस्त्यावर दादाने मुद्दाम नेली. खड्डे चाकांखालून गेले असतील तेवढेच. मागून 'स्स' आलं नाही. चुळबुळही आली नाही. आरशात पाहिलं तर वहिनीचा डोळा लागला होता. दादाने ठकीकडे पाहिलं आणि ठकीने हार मानल्यासारखे हात वर केले. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून तिला वाटलं, फुटू देत पिशव्या, घेऊ दे याला ही गाडी.

घोटाळा झाला तो शोरूमवर परतून उतरताना. गाडी जमिनीलगत आणि सीट खोल. वहिनीने दार उघडून पाय बाहेर टाकले, पण वर उठायला खुबा साथ देईना. गुडघे वर, कंबर खाली, धरायला काही नाही. दादाने दोन्ही हात पुढे केले, ओढलं. ती अर्धी उठली आणि पुन्हा आत गेली. आधी तिघेही हसले. दुसऱ्यांदाही हसले. तिसऱ्या वेळी विक्रेता मदतीला धावत आला, तसा वहिनीचा चेहरा पडला. परक्या माणसाने काखेत हात घालून उठवावं, हे तिला ऑपरेशनपेक्षाही जड गेलं. उभी राहिल्यावर तिने साडी सारखी केली आणि म्हणाली, "गाडी फार छान आहे हो." नवऱ्याकडे मात्र बघितलं नाही.

दादा कावराबावरा झाला. सीटवर जाड गादी बसवता येईल का, सीट वर उचलून घेता येईल का, असं काहीबाही विचारत तो विक्रेत्याच्या मागे ऑफिसात गेला. ठकीने वहिनीला छोट्या गाडीकडे नेलं. उन्हात उभं राहण्यापेक्षा बसू तरी. सीट कमरेइतक्या उंचीवर. वहिनीने पाठ टेकवली, पाय आत घेतले आणि बसली. कुणाचा हात लागला नाही.

ठकी स्टिअरिंगपाशी जाऊन बसली. वहिनी समोरच्या काचेतून बघत होती. मग तिने विचारलं, "हिला क्लच कुठाय?"

"क्लच नाही. गिअरही आपोआप पडतात. डाव्या पायाला कामच नाही."

"माझाही डावाच खुबा आहे," वहिनी म्हणाली. मग दोन सीटांमधल्या दांड्याकडे बघत विचारलं, "मग डाव्या हाताने करायचं काय?"

ठकीने तिच्याकडे वळून पाहिलं. वहिनीच्या वडिलांची बेकरी होती, आणि लग्नाआधी पाव पोचवायची व्हॅन वहिनीच चालवायची, ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. गिअरचा दांडा एकदा निखळून हातात आला आणि तो खिडकीबाहेर धरून तिने वळणाची खूण केली, हा किस्सा दादाच पाहुण्यांना रंगवून सांगायचा. पण तो किस्सा जुन्या फोटोसारखा होता. त्यातल्या मुलीचा शेजारी बसलेल्या बाईशी काही संबंध असेल, हे गाड्यांवर जगणाऱ्या ठकीच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं.

"वहिनी, तुला चालवायचीय?"

"डॉक्टर म्हणाले आता हरकत नाही. मीच विचारलं त्यांना. ह्यांना बोलले नाही."

"आणि लायसन्स?"

"मुदत संपली की नवं करून घेते दर वेळी," वहिनी जरा लाजून म्हणाली. "हे म्हणतात, कशाला उगीच? मी सांगते, ओळखपत्र म्हणून बरं पडतं."

शोरूमच्या मागे भाजीच्या घाऊक बाजाराचं आवार होतं, रविवारचं अगदी ओस. ठकीने गाडी तिथे नेली आणि जागा बदलली. वहिनीने आधी सीट पुढे ओढली, मग आरसे लावले, मग पदर खोचला. पहिला ब्रेक असा दाबला की दोघी काचेवर आदळता आदळता राहिल्या. दुसरा बरा. रिकाम्या गाळ्यांना एक फेरी झाली, दोन झाल्या. तिसऱ्या फेरीला ठकी सूचना द्यायची थांबली, कारण वहिनी ऐकतच नव्हती. तिची मान किंचित पुढे आली होती आणि ओठ मुडपलेले होते, शिवणाच्या सुईत दोरा ओवताना असायचे तसे. आवाराच्या टोकाला मोडक्या फरशीचा एक मोठा खड्डा होता. वहिनीने तो बघितला, वेग कमी केला आणि गाडी त्यातून काढली. गाडी चांगलीच हेलकावली. ठकी 'दुखलं का' विचारणार, तेवढ्यात वहिनीच म्हणाली,

"खड्डा आधी दिसला ना, की कंबर आपली आपण तयार होते. मागे बसलं की तो पाठीतूनच कळतो."

ठकीने इतक्या गाड्यांच्या इतक्या सीटा तपासल्या होत्या, पण हे वाक्य तिला लिहायला सुचलं नव्हतं.

इकडे दादा बाहेर आला तर गाडी नाही, बायको नाही, बहीण नाही. तो दारासमोर उभा राहून फोन काढतच होता, तेवढ्यात वळणावरून ती छोटी गाडी आली, खूण दाखवत, संथपणे, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. चालवणाऱ्याच्या बाजूच्या खिडकीत त्याची बायको होती.

दादाचा हात फोनसकट तसाच राहिला. रागावला म्हणावं तर तसं नाही, हसला म्हणावं तर तसंही नाही.

"कधी म्हणाली नाहीस," एवढंच तो म्हणाला.

"किल्ली एकच असायची, ती तुमच्या खिशात," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मागावी असं मनात यायचं कधीकधी. पण तुम्ही इतक्या हौसेने माझ्यासाठी दार उघडून धरायचात. मग बसायचे मी मागे."

दादाने चष्मा काढला, रुमालाने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला. गिऱ्हाईक अवघड काही बोललं की तो दुकानातही हेच करायचा. मग तो गाडीला वळसा घालून आला. ठकी मागे गेली आणि तो वहिनीच्या शेजारी बसला.

"चल," तो म्हणाला. "नदीकडून घे. जमेल ना?"

नदीकाठच्या त्या रस्त्यावर छोट्या गाडीने आपले गुण दाखवलेच. प्लॅस्टिक खडखडलं, इंजिन कुरकुरलं, मागे ठकीचं डोकं दोनदा छताला लागलं. दादाचे पाय नसलेला ब्रेक दाबत होते. समोरून ट्रक आला की तो डोळे मिटायचा आणि गेला की वहिनीकडे बघायचा. एकदा त्याने तोंड उघडलं तशी वहिनी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "बोलू नका हो मध्ये," आणि तो आज्ञाधारकपणे गप्प बसला. पूल ओलांडून परतताना त्याने नुसतं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्या पुलावरून तो अर्धं आयुष्य गेला होता, आणि नदीत मध्येच एक छोटं बेट आहे, ते त्याला त्या दिवशी दिसलं. त्याने ते ठकीला दाखवलं.

छोटी गाडीच घेतली, नवी कोरी. निळ्या गाडीचं दुःख दादाला थोडं राहिलं. शोरूमवरून जाताना तो अजून मान वळवतो, आणि वहिनी त्याला वळवू देते. रंग मात्र वहिनीने निवडला, भडक पिवळा. दादा म्हणाला लोक टॅक्सी समजून हात करतील. वहिनी म्हणाली, करू देत.

पुढच्याच महिन्यात तिने जाहीर केलं की ती परगावी आपल्या बहिणीकडे जाणार. गाडीने. एकटी. दादाने टायर तपासले, पाणी तपासलं, पुन्हा टायर तपासले. ती निघाल्यावर त्याने ठकीला बोलावून घेतलं, काम काही नव्हतं, पण ये म्हणाला. दोघं खिडकीशी बसले. दादाने वर्तमानपत्र उलटसुलट केलं. रस्ता कसा आहे, हे ठकीला तीनदा विचारलं आणि ठकीने तिन्ही वेळा चांगला आहे म्हणून सांगितलं. बहिणीच्या घरी पोचायची वेळ टळून गेली तसा तो उठून येरझाऱ्या घालू लागला. फोन करू नकोस, चालवत असेल, असं ठकीनेच त्याला बजावलं होतं, आणि आता तिचाही जीव टांगणीला लागला होता.

अखेर फोन वाजला. दादाने घाईघाईने उचलला, ऐकलं, हं हं केलं, जेवून घे म्हणाला आणि ठेवला.

"पोचली," तो म्हणाला. "रस्त्यात चहा प्यायला थांबली होती म्हणून उशीर."

मग पुन्हा खिडकीशी येऊन बसला आणि थोड्या वेळाने, ठकीला सांगतोय की स्वतःला हे न कळावं अशा आवाजात म्हणाला, "एकटीच बसून चहा प्यायली म्हणे. दुसरासुद्धा घेतला."