ॲग्नेसबाईंचं मत माझ्या पोटात

मित्रांनो, ग्रंथालयाच्या दारातली जुनी, निळी, लोखंडी पुस्तकपेटी ती मीच. दार बंद असलं की लोक परतीची पुस्तकं माझ्या तोंडात टाकतात. नवी होते तेव्हा मी इतकी लखलखीत होते की पोरी माझ्यात बघून केस विंचरायच्या. एक जिवंत खार, अर्धं सँडविच आणि एका न्यायाधीशाची कवळी एवढं सारं या पोटात राहून गेलं. तेव्हा कौतुक होतं. पुढं तीन हिवाळे माझ्या कुलपाला कुणी थेंबभर तेल घातलं नाही.

दर नोव्हेंबरात माझ्याशेजारी मतपेटी उभी करतात. आमच्याकडे मतपत्रिका टपालानं घरी येते. खूण करायची, पाकिटावर सही करायची आणि शेवटच्या दिवशी रात्री आठच्या आत पेटीत टाकायची. महापौराच्या निवडणुकीत पक्ष नसतात. त्यामुळे लोक बर्फ कोण उपसणार आणि खड्डे कोण बुजवणार यावरच भांडतात.

त्र्याऐंशी वर्षांच्या ॲग्नेस लिंडक्विस्टबाई गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरल्या आणि खुबा मोडला. लहान गल्ल्यांतलाही बर्फ उपसू, असं महापौरपदाला उभ्या असलेल्या हॉलोवेबाईंनी वचन दिलं होतं. ॲग्नेसबाईंचं मत त्यांनाच होतं, पण मताचं पाकीट पान सापडावं म्हणून पाककृतींच्या पुस्तकात घातलेलं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला बाईंनी ते पुस्तक माझ्यात टाकलं, मतपेटीपुढं गेल्या आणि रिकाम्या हाताकडे बघत राहिल्या.

पाकीट माझ्या पोटात, आणि मला बोलता येईना, ओकता येईना.

मागच्याच घरात राहणारी ग्रंथपाल रेनी बाईंची हाक ऐकून किल्ली घेऊन धावत आली. किल्ली फिरेना.

"तेलासाठी तीन वर्षं अर्ज करतेय, बाई."

"अर्जच पिळून बघ, निघालं तर."

बाईंचा शेजारी व्हर्नन तिथंच उभा होता, छातीवर प्रुइटचा बिल्ला. हॉलोवेबाईंच्या विरोधात खड्डे बुजवायचं वचन देणारा प्रुइटच उभा होता.

"मत कुणाला?" त्यानं विचारलं.

"तुझ्या त्या खड्डेवाल्याला नाही."

"मग राहू दे आतच," म्हणत तो आपल्या ट्रककडे गेला.

आठला दहा कमी. व्हर्नन परत आला तो इंजिनातली तेल मोजायची सळई घेऊन, टपटप गळणारी.

"दिवा धर गं, रेनी."

"प्रुइट तुला दारात उभं करणार नाही," बाई म्हणाल्या.

"त्याला सांगू नका म्हणजे झालं. गल्लीत बर्फ राहून परत पडलात तर दवाखान्यात मलाच न्यावं लागेल. मागच्या वेळी वाटभर माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवलीत."

दोन मिनिटं उरली असताना कुलूप सुटलं. पाकीट बाईंनी स्वतःच्या हातानं टाकलं.

हॉलोवेबाई एका मतानं जिंकल्या, असं सांगणार होते, पण थापेलाही हद्द असते. दोनशे अकरा मतांनी हरल्या. जानेवारीत बर्फ पडला, पण प्रुइटनं लहान गल्ल्यांतला उपसला नाही. पुस्तक टाकायला आलेल्या ॲग्नेसबाई सांगत होत्या, त्यांच्या गल्लीत सकाळी व्हर्नन फावडं मारतो आणि प्रत्येक फावड्याला प्रुइटला एक शिवी देतो.

मित्रांनो, माझं मन अजून थाऱ्यावर नाही. पुस्तक पडलं की वाटतं, आत कुणाचं काय राहिलं असेल? म्हणून टाकण्याआधी ते एकदा झटका. आणि आमच्यासारख्या मुक्या लोखंडाची वेळेवर विचारपूस करत जा. दरवेळी व्हर्नन कुठून आणायचा?